पाणी बसेपर्यंत

आमच्या बैठकीच्या छताला दुपारी दोन ते साडेतीन पाणी असतं. गॅलरीतून ऊन आत येतं, काचेच्या मोठ्या पेटीतल्या पाण्यावर पडतं आणि तिथून वर जाऊन पांढऱ्या रंगावर हलत राहतं. त्या वेळी फरशीवर चटई टाकून उताणं पडलं, की आपण तळाशी आहोत आणि वर तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभं राहून कोणीतरी आपल्याकडे पाहतंय असं वाटतं. सुटीच्या दिवशी मी हे करते. पन्नाशीला आलेल्या मास्तरीणबाईनं करायचं हे काम नाही, पण माझ्याच घरात मला कोण रागावणार?

रागावू शकेल असा एक माणूस बाजूच्या खाटेवर पडलेला असतो. तोही छताकडेच बघत असतो. ते माझे बाबा. ही पेटी त्यांच्यासाठीच आली.

आमच्या घराण्यात लेकीला लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. जेवण तर दूरच. पूर्वी पुष्कळ घरांत असं होतं. आता कोणी पाळत नाही, आमच्या भाऊबंदांतही नाही. बाबांनी मात्र पाळलं. माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि मला लेकरू झालं नाही. चोवीस वर्षं बाबा साकोलीहून बसनं भंडाऱ्याला यायचे, खांद्याच्या पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली, सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे, माझी खुशाली विचारायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. चहा नको, सरबत नको, सुपारीसुद्धा नको. माझ्या नवऱ्यानं त्यांचं नाव ‘कोरडे पाहुणे’ ठेवलं होतं.

मी काही गरीब गाय नाही. एकदा चांगलीच भडकले होते. म्हटलं, “बाबा, लेकरू नाही झालं त्याची शिक्षा मलेच काहून?”

बाबा बाटलीचं झाकण लावत म्हणाले, “शिक्षा माही हाय बाई. तहान मले लागते.”

मी आत जाऊन भांडी आपटली.

मग मागच्या वर्षी ते गावच्या तलावाच्या पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना आता एकटं ठेवू नका, दुसऱ्यांदा पडले तर उठणार नाहीत. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. मी एकुलती एक. बाबा माझ्या तिसऱ्या मजल्यावर आले ते अट घालूनच: “हाड बसलं का मी चाललो गावाले.”

आणि येताना तांदूळ आणि पाणी घेऊन आले. गावातला माझा चुलतभाऊ दर आठवड्याला त्याच्या गाडीतून दोन कॅन भरून पाठवायचा, गावच्या विहिरीचं. माझ्या स्वयंपाकघरात दोन पाणी झाली. बाबांचा भात, वरण, चहा, गोळ्या, सगळं कॅनच्या पाण्यात. आमचं नळाचं. कॅनमध्ये गुपचूप नळाचं पाणी भरून द्यावं असं माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही, दहादा आलं. पण त्यांनी ते जिभेवर ओळखलं असतं. पाणी हा त्या माणसाचा धंदाच होता.

आमच्या गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, किती दिवस द्यायचं, हे बाबा ठरवायचे. गावानंच त्यांना नेमलेलं. पाणी सोडायचं दार त्यांच्या हातात, आणि पाळीला कुठं खेकड्यानं भोक पाडलं, कुठं झिरपतंय, तेही त्यांनीच बघायचं. पहाटे ते मला सोबत न्यायचे. तलावावर धुकं असायचं, इतकं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. शिंगाड्याच्या वेलांतून एखादी पाणकोंबडी चालत जायची आणि ती पाण्यावरून चाललीय की धुक्यावरून, तेही नाही. बाबा खाली उतरायचे, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, गालातल्या गालात फिरवायचे आणि पाळीवर थुंकायचे. मग मला सांगायचे, “अजून नाही बसलं.” पावसाचं पाणी लाल येतं. त्यातला गाळ खाली जायला, रानातला पाचोळा कुजून त्याचा कडवटपणा उतरायला दिवस लागतात. एखाद्या पहाटे बाबा थुंकून म्हणायचे, “बसलं.” त्या एका शब्दासाठी मी थंडीत कुडकुडत उभी राहायचे. तो शब्द झाला की मला वाटायचं, आता वर्षभर काही वाईट होणार नाही.

असा माणूस माझ्या गॅलरीत बसून दिवसभर समोरच्या इमारतीच्या डिश अँटेना मोजत होता. एकदा त्यांनी विचारलं, “इथचं पाणी कुठून येते?”

“नदीवरून. वैनगंगेचं हाय.”

“दिसत नाही ना पण,” ते म्हणाले, आणि खुब्यावर हात फिरवून म्हणाले, “बसून राहिलं हाड. आता दोन महिने.”

मला दोन महिन्यांनंतरचं सगळं दिसत होतं. रिकामं घर, वॉकर ओसरीत टेकवलेला, आणि हा म्हातारा पहाटेच्या धुक्यात त्याच पायरीवर. मला झोपेतही ती पायरी दिसायची. त्यांना ठेवून घ्यायला माझ्याकडे काही नव्हतं, पाणीसुद्धा नाही.

म्हणून मोहाडीहून माझ्या नवऱ्याचा एक ओळखीचा माणूस बदली होऊन निघाला आणि आपली माशांची पेटी कोणाला हवी का विचारू लागला, तेव्हा मी नवऱ्याला पुरतं बोलूही दिलं नाही. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. जाड काच, लोखंडी स्टँड. टेम्पोतून आली. लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा सहा हमालांनी जिन्यानं वर आणली, आणि प्रत्येक वळणावर मला शिव्या दिल्या असतील.

जागा मी आधीच ठरवली होती: गॅलरी. बाबांची खुर्ची तिथंच. सकाळी उजाडलं की पाणी आणि आभाळ एक होईल, बाबा चहा पीत बघतील. मी मनात ते चित्र इतक्यांदा रंगवलं होतं की त्यात धुकंसुद्धा होतं.

हमाल स्टँड गॅलरीत सरकवत होते तेवढ्यात खालचे इंजिनिअर वर आले. आमच्या बरोबर खाली राहतात, निवृत्त, पूल आणि इमारती बांधण्यात हयात गेलेली. अंगात बनियन, हातात टेप.

“मॅडम, हे गॅलरीत ठेवून राहिले का?”

“हो.”

“पाणी भरून?”

“रिकामी ठेवायले कशाले आणू, काकाजी?”

“वजन किती होईल, काढलं का?”

“सहा जणांनी आणली. वजनदार हाय,” मी म्हटलं.

“पेटीचं नाही. पाण्याचं.”

खाटेवरून बाबा हसले. “पाण्याचं का वजन असते जी?”

ते गंमत करत नव्हते. आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर प्रश्न बरोबरच वाटला. आमच्या मुलखात पाणी एकरात मोजतात. हा तलाव एवढ्या एकराचा, ते पाणी तेवढ्या बांध्यांचं, यंदा अमुक दिवसांचं. भीती असते ती पाळीची: पाळ फुटेल, बाजूनं पाणी जाईल. तलावाखालची जमीन पाण्याच्या ओझ्यानं खाली जाईल असा विचार आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आला नसेल. बाबांनी पेटी आली तेव्हाच चारही काचांचे सांधे बोटानं चाचपून पाहिले होते आणि “पाळ पक्की हाय” म्हणून पास करून टाकली होती. तळाकडे कोणी बघितलंच नव्हतं.

आणि मी शाळेत गणित शिकवते. घनफळाचा धडा किती वर्षं शिकवतेय ते सांगायचीसुद्धा लाज वाटते. इंजिनिअरांनी कॅलेंडरचं पान उलटं करून माझ्या हातात पेन दिला, फळ्यापुढे पोराला उभं करावं तसा. पाच गुणिले दोन गुणिले दोन. घनफुटाचे लिटर. लिटरचे किलो. वर काच, रेती, लोखंड. बेरीज आठशेच्या जवळ गेली. मी ती दोनदा तपासली, कमी होईना.

“धानाचे किती कट्टे?” बाबांनी विचारलं.

“वीस,” मी म्हटलं. चाळीस किलोचं एक पोतं.

बाबा उठून बसले. “वीस कट्टे गॅलरीत कोण ठेवते? येडी हाय का तू?”

इंजिनिअरांनी आपला हात सरळ पुढे केला. “काकाजी, गॅलरी म्हणजे हा हात. खाली टेकू नाही. कपडे वाळवा, कुंड्या ठेवा, दोन जण बसा. बैठकीच्या मधातही नको. स्लॅब बसला तर माह्या पोटावर बसेल, मी दुपारी तिथंच झोपतो.”

त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकून मी चमकले. गावात पाणी बसलं की पीक येतं, हाड बसलं की माणूस चालतो, आणि इथं बसलं की घर जातं.

मग इंजिनिअर मला आणि नवऱ्याला खाली त्यांच्या घरी घेऊन गेले आणि त्यांचं छत दाखवलं. माझ्या घराखालची बाजू मी पहिल्यांदाच पाहत होते. माझी बैठक त्यांच्या डोक्यावर सपाट अंथरलेली होती, आणि एका बाजूनं जाड बीम खाली उतरलेला, कोपऱ्यातल्या कॉलमात शिरलेला. “याच्यावर ठेवा,” ते म्हणाले. “भिंतीला लागून, बीमच्या लांबीनं, जेवढं कोपऱ्याकडे नेता येईल तेवढं.” म्हणजे वर आमची बैठक आणि झोपायची खोली यांच्यामधली भिंत. तिथं माझं शोकेस होतं, बक्षिसांचे कप आणि फोटोंचं. ते निघालं.

स्टँडला चार पाय. चार पाय म्हणजे वजन चारच ठिकाणी, म्हणून खाली जाड प्लायवूडची फळी घालायची असं इंजिनिअर सांगू लागले, तर बाबा म्हणाले, “चिखलात फळीवर उभं रायते तसं.” इंजिनिअरांनी मान हलवली आणि त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासेच झाले, सगळं बाबांना विचारायला लागले.

फरशी सरळ आहे का, हा पुढचा प्रश्न. इंजिनिअर पाणसळ आणायला खाली निघाले. बाबांनी त्यांना थांबवलं आणि मला म्हणाले, “थाळीत पाणी आण.”

“कोणतं?” मी विचारलं. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा तिखट निघाला.

“कोणतंही. पाहाचंच हाय.”

मी नळाचं आणलं. थाळी फळीवर ठेवली. एका बाजूला पाणी काठाला टेकलं, दुसऱ्या बाजूला दोरीएवढी जागा उरली. फरशी गॅलरीकडे उतरती होती. धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून गवंड्यानं तसा उतार दिलेला. आठ वर्षं त्या घरात राहून मला तो कधी जाणवला नव्हता. नवऱ्यानं फळीखाली लाकडाच्या पट्ट्या सारल्या, बाबा खाटेवरून हात हलवत राहिले, आता थोडी, आता बस. शेवटी पाणी थाळीत सगळीकडून सारखं उभं राहिलं. मग स्टँड, त्यावर थर्माकोल, त्यावर पेटी.

“एकदम भरू नका,” इंजिनिअर म्हणाले. “आज तिसरा हिस्सा. उद्या पाहू.”

“नवी पाळ एका पावसात भरत नाहीत,” बाबा म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मला वाटलं हे दोघं एकाच गावचे आहेत, मधले सगळे मजले उगाच आहेत.

पाणी नळाचंच भरलं. त्यातल्या औषधाचा वास उडू द्यायचा, मासोळ्या मग आणायच्या, असं ठरलं. पहिल्या दिवशी तिसरा हिस्सा भरला तेव्हा खालून फोन आला. इंजिनिअर खुर्ची टाकून आपल्या छताकडे बघत बसले होते. “केसाएवढी रेघ नाही,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पेटी भरली, काठापासून चार बोटं खाली.

त्या दिवसांत घर कसं झालं होतं ते नीट सांगता येत नाही. मासे नाहीत, झाडं नाहीत, दिवा नाही. नुसतं पाणी, जरा धूसर, रेतीची बारीक धूळ त्यात तरंगत असलेली. आम्ही तिघं त्याच्यापुढे हळू बोलायला लागलो होतो. टीव्ही कोणी लावला नाही. दुपारी पहिल्यांदा छतावर उजेड हलला तेव्हा बाबांनी मला हाक मारली नाही, नुसतं बोट वर केलं. मी चटई आणली आणि त्यांच्या खाटेशेजारी पडले. “तलावाच्या आंत असं दिसत असन,” ते म्हणाले. आयुष्यभर ते पाळीवर उभे होते, आत कसं दिसतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. किती वेळ आम्ही तसे पडून होतो ते मला आठवत नाही. मला एवढं आठवतं की त्या दुपारी त्यांनी खुब्यावर हात फिरवला नाही.

चौथ्या दिवशी रविवार होता. नवरा बाजारात गेलेला. मी सोफ्यावर पेपर तपासत बसले होते. धूळ खाली गेली होती आणि पाणी इतकं स्वच्छ झालं होतं की मागच्या भिंतीवरचे खिळे दिसत होते. बाबा उठले, वॉकर टेकत पेटीपाशी गेले, एक हात काठावर ठेवला, दुसरा पाण्यात घातला, ओंजळ भरली आणि तोंडात घेतली.

त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. हाताला सवय होती, हात गेला. पाणी गालात फिरलं. आणि मग ते थांबले.

थुंकायला पाळ नव्हती. खाली मी सकाळीच पुसलेली फरशी होती, लेकीची. पेटीत थुंकणं शक्य नाही, पाण्याच्या माणसाला तर नाहीच. गॅलरी लांब, आणि तिच्याखाली रस्त्यानं माणसं जात होती. बाबा गाल फुगवून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चोवीस वर्षं त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या नजरेनं मागितलं. घमेलं स्वयंपाकघराच्या दारामागे होतं. चार पावलं.

मी उठले नाही.

मी पेपर मांडीवर धरून बसून राहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. आजही मला त्याची लाज वाटते, आणि आजही मी उठणार नाही. घड्याळ चाललं होतं. छतावर उजेड हलत होता. बाबांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा फरशीकडे, आणि मग त्यांचा गळा हलला. वाळलेला, शिरा दिसणारा गळा, एकदा वर, एकदा खाली.

मग त्यांनी ओला तळहात धोतराला पुसला.

“बसलं,” म्हणाले, आणि वॉकर वळवून खाटेकडे निघाले.

संध्याकाळी भात मी कॅनच्याच पाण्यात शिजवला. चुकून गेलेला घोट त्यांनी मोजायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं होतं. माझा उद्धटपणा दुपारीच संपला होता. मी घाबरले होते. उद्या ते म्हणतील, माहा नेम मोडला तुह्या घरात, मी चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा चुलतभावाचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन मोठ्या आवाजात असतो. मी शाळेची साडी नेसत होते, पिन दातात.

“मोठेबाबा, गाडी निघून राहिली. दोनच कॅन देऊ का तीन?”

मी दारातून पाहिलं. ते पेटीकडे बघत होते, आणि पेटीपलीकडच्या भिंतीकडे, आणि भिंतीखालच्या त्या फळीकडे.

“तांदूळ पाठव,” ते म्हणाले.

“आणि पाणी?”

“पाणी हाय इथं.”

फोन ठेवून त्यांनी मला हाक मारली. मी पदर तसाच हातात धरून नळावर गेले, ग्लास भरला, आणून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात संपवला, मान वर करून, डोळे मिटून. मग रिकामा ग्लास माझ्यापुढे केला.

“अजून एक दे,” म्हणाले.